बाराजणींची सावड

बी.एस्सी.चं पहिलं वर्ष मी नाशिकच्या बारा स्वयंपाकघरांत काढलं. नाव कॉलेजात होतं, हजेरीही बरी होती, पण जीव ओतून जे काही केलं ते रविवारी, आणि तेही गहू निवडणं, माळे झाडणं, कुरडया घालणं असलं. मला ते करायला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांच्या घरी मी राबत होते त्यांना मी का येते हे ठाऊक नव्हतं, आणि त्यांना ठाऊक नाही हे मला ठाऊक नव्हतं. आज माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात, मीही हसते. त्या वर्षी मात्र या घोळापायी माझं शिक्षण हातचं जायची वेळ आली होती.

आमचा पाडा सुरगाणा तालुक्यातला, गुजरातच्या अंगाला. उतारावर नागली, म्हणजे नाचणी, खाली ओहोळाच्या काठाने भात, आणि भात घरात आलं की निम्मा पाडा पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षबागांच्या कामाला. मी आश्रमशाळेत शिकले. तिथे पहिला नंबर मी कधी सोडला नाही. वासरात लंगडी गाय शहाणी, पण हे तेव्हा कुठे कळत होतं! बारावी सायन्स झाले तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी वडिलांना बोलावून सांगितलं, हिला नाशिकला पाठवा, पदवी घेऊ द्या. वडिलांनी डोकं खाजवलं आणि विचारलं, "पाठवू की. पण ऱ्हाईल कुठं न खाईल काय?"

प्रश्न अगदी रास्त होता. सरकारी वसतिगृहाच्या यादीत माझा नंबर लागला नव्हता. शिष्यवृत्ती मंजूर होती, पण ती हातात पडायची वर्ष सरता सरता, आणि भूक काही मार्चपर्यंत थांबत नाही. मग मुख्याध्यापकांना आपली थोरली बहीण आठवली. ती नाशिकला राहायची, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. तिला मी पहिल्या दिवसापासून बाई म्हणत आले. या बाईंची बाराजणींची भिशी होती. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकीच्या घरी जमायचं, ठरलेले पैसे टाकायचे, चिठ्ठी काढायची आणि जिचं नाव निघेल तिने ते घेऊन जायचे. खाणं आणि गप्पा अर्थातच त्याच्या आधी, मध्ये आणि नंतर. या बायकांनी काही वर्षांपूर्वी ठरवून टाकलं होतं, की जूनमध्ये प्रत्येकीने दुप्पट टाकायचे आणि वरची भिशी शिकणाऱ्या एका मुलीची, तिच्या खासगी हॉस्टेलला आणि जेवणाला. माझ्या आधीची मुलगी नर्स होऊन नोकरीला लागली होती. जागा रिकामी होती.

मला दाखवायला नेलं तो दिवस लख्ख आठवतो. बारा बायका, बारा रंगांच्या साड्या, आणि मध्ये मी, आईने तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्यांची. एकीने विचारलं, तुमच्याकडे खरंच लाइट नाही का गं? दुसरीने विचारलं, नागलीची भाकरी काळी का होते? मी उत्तरं दिली. कोपऱ्यात एक उंच बाई चष्म्याला साखळी लावून बसल्या होत्या. त्यांच्या यजमानांचं पंप आणि पाइपांचं दुकान होतं. सगळ्या त्यांना जरा वचकूनच होत्या. मी पुढे त्यांना काकू म्हणू लागले, पण त्या दिवशी काहीच म्हणायची हिंमत झाली नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"नापास झालीस तर?"

"नाही होणार," मी म्हटलं.

"झालीस तर बंद. मग ती भिशी दुसऱ्या मुलीची. आत्ताच सांगून ठेवते, नंतर रडारड नको."

कुणीतरी घाईघाईने चिवड्याची बशी माझ्यापुढे केली. काकू मला अजिबात आवडल्या नाहीत.

आता सावड म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. भाताची आवणी, म्हणजे वाफ्यातली रोपं उपटून चिखलात लावणं, हे एका घराच्या बळावर होत नाही. पाऊस आहे तोवर उरकावं लागतं. म्हणून आज सगळे तुमच्या वावरात, उद्या सगळे आमच्या. तुमच्या घरची दोन माणसं आमच्याकडे दोन दिवस आली, की आमची दोन माणसं तुमच्याकडे दोन दिवस जाणार. कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी विसरतही नाही. घेतलेली सावड न फेडणाऱ्या घराला आमच्याकडे कुणी दारात उभं करत नाही. मी हे दुधाबरोबरच प्यायले होते. तेव्हा बाराजणींनी मिळून मला नाशिकला उभी केली म्हटल्यावर हिशेब सोपा होता. बारा घरची सावड माझ्या अंगावर होती. बायका सुशिक्षित, तोंडाने मागणार नाहीत. आपण समजून जायला हवं.

मी समजून गेले. पहिल्याच रविवारी सकाळी आठला बाईंच्या दारात उभी राहिले. बाई म्हणाल्या, "ये ये, घरची आठवण आली वाटतं?" मी मान हलवली आणि सरळ मोरीत जाऊन भांडी घासायला बसले. बाईंना वाटलं, पोरीला करमत नाही, काम केलं की जीव रमेल. त्यांनी मला थांबवलं नाही, दुपारी वरण-भात-तूप वाढलं, आणि मी मनात म्हटलं, एक दिवस फिटला.

पुढच्या रविवारी दुसरं घर. एकीकडे वर्षाचे गहू निवडले. एकीच्या माळ्यावरून तांब्या-पितळेची भांडी काढून चिंचेने घासली. एकीचा मळा ओझरच्या पुढे होता, तिच्याबरोबर टेम्पोत बसून गेले आणि बायकांच्या रांगेत उभी राहून द्राक्षांच्या घडांची विरळणी केली, म्हणजे कात्रीने मणी कमी करायचे. ते काम मला येत होतंच. एका घरी सुनेचं बाळंतपण झालं होतं, तिथे लागोपाठ तीन रविवार गेले. उन्हाळा लागला तशा कुरडया आणि पापड सुरू झाले, आणि मग रविवार पुरेनात म्हणून मी शनिवारही घातले. काकूंच्या घरी सगळ्यात जास्त काम केलं. त्या आवडत नव्हत्या ना, त्यांची सावड आधी फेडून मोकळं व्हायचं होतं. त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीतले सगळे जुने कागद मी एकटीने आवरले.

गंमत अशी, की प्रत्येकीला वाटायचं ही फक्त माझ्याकडेच येते. प्रत्येकीला त्याचं अप्रूप होतं. निघताना डब्यात काहीतरी भरून देत आणि दाराशी हळूच सांगत, "भिशीत बोलू नकोस हं, उगाच बाकीच्यांना वाईट वाटायचं." मी मान डोलवायची. मला वाटायचं, सावड फेडल्याचा बोभाटा करायचा नसतो हे नाशिकच्या बायकांनाही कळतं तर! त्यामुळे भिशीत सगळ्याजणी माझ्याकडे बघून एकाच प्रकारचं गूढ हसायच्या, आणि मी बाराजणींकडे बघून एकच हसू बारा वेळा परत करायची.

इकडे कॉलेजात माझं पितळ उघडं पडत होतं. पुस्तकं इंग्रजी, सर बोलायचे इंग्रजी, आणि माझं इंग्रजी आश्रमशाळेतलं. बॉटनी जमायचं, झाडं ओळखीची होती. झूऑलॉजीही ढकललं. केमिस्ट्रीचं पुस्तक उघडलं की मात्र रान लागल्यासारखं व्हायचं, वाट म्हणून सापडायची नाही. हॉस्टेलवरच्या मुली रविवारी दारं लावून अभ्यास करायच्या आणि मी केस बांधून बाहेर पडायची. सोमवारी प्रॅक्टिकलला माझे हात डाळीच्या पिठाने नाहीतर चिंचेने खरखरीत झालेले असायचे. वाटायचं, एवढी सावड फिटली की बसू अभ्यासाला. पण बारा घरं! एक फेरी झाली की दुसरी सुरू. परीक्षा आली आणि गेली.

जूनमध्ये निकाल लागला. केमिस्ट्री राहिली होती. बाकी विषयांतही काठावरच पास.

एक विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाता येत होतं, ऑक्टोबरला पुन्हा पेपर द्यायचा. पण भिशीचा नियम विद्यापीठापेक्षा कडक होता. शनिवारी भिशी काकूंच्याच घरी होती. मी गुणपत्रिका नेली. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. बाईंनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली आणि शेजारी दिली. गुणपत्रिका गोल फिरली. बटाटेवड्यांना कुणी हात लावेना.

"असं कसं झालं गं?" मळेवाल्या बाई म्हणाल्या. "एवढी कष्टाळू पोर. त्या दिवशी विरळणीला आली तर..." आणि त्या थबकल्या.

"विरळणीला?" दुसरी म्हणाली. "तुमच्याकडे? कधी? ती तर माझ्याकडे येते."

"तुमच्याकडे कशी येईल? माझ्या सुनेच्या बाळंतपणात तीन रविवार माझ्याकडे होती."

"आणि माझे पापड?"

मग जो गलका झाला तो काय सांगू! बाराच्या बाराजणी एकदम बोलत होत्या. आधी थोडं रुसणं झालं, मग कुणीतरी हसलं, आणि मग बाईंनी बोटांवर रविवार मोजायला सुरुवात केली तशी एकेक आवाज बंद होत गेला. मोजून झालं तेव्हा वर्षात माझ्या अभ्यासाला एकही रविवार उरत नव्हता.

"तू हे का करत होतीस?" बाईंनी विचारलं.

"सावड फेडत होते."

कुणाला कळलं नाही. मी समजावून सांगितलं. आवणी, चिखल, दोन माणसांना दोन माणसं, सगळं. एकीने पदर डोळ्याला लावला. त्याने मला रडू यायच्या ऐवजी रागच आला. मला त्या वयात राग लवकर यायचा, अजूनही येतो.

"म्हणजे आम्ही तुला मोलकरीण केली," ती बाई म्हणाली.

"मोलकरीण नाही," मी म्हटलं. "मोलकरणीला मोल देतात. मी सावड फेडत होते. मला फुकटचं नको."

"फुकटचं नको तर मग काय हवंय?" काकू पहिल्यांदाच बोलल्या. "नियम ठरला होता. तुझ्यासमोर ठरला होता."

"माहितीये मला," मी म्हटलं. "द्या दुसऱ्या मुलीला." आणि चपला पायात अडकवून चालती झाले. बाई फाटकापर्यंत मागे आल्या, हाक मारत होत्या, मी वळून पाहिलं नाही. हॉस्टेलवर जाऊन पिशवी भरली आणि सीबीएस स्टँडवर जाऊन वणीमार्गे सुरगाण्याची गाडी पकडली. पुढे जीप, आणि जीपपुढे पायी.

घरी मी निकालाचं काही बोलले नाही. आवणी तोंडावर होती, चार-आठ दिवसांत जोरातच सुरू झाली. त्यामुळे का आलीस असं कुणी विचारलंही नाही, उलट एक हात वाढला. मी दोन आठवडे खाली मान घालून रोपं लावली. मला ते आवडतंच. चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभं राहायचं, डाव्या हातात जुडी, उजव्या हाताने दोन-दोन काड्या खोचत मागे मागे सरकायचं. डोकं रिकामं होतं. पण माझं झालं नाही. नाशिकला जुलैतले तास सुरू झाले असतील, माझ्या बाकावर दुसरं कुणी बसलं असेल, हेच फिरत राहायचं. मला शिकायचं होतं. हे मी चिखलात उभं राहून पहिल्यांदा स्वतःशी कबूल केलं. आधी मला पाठवलं म्हणून गेले होते.

शेवटी एका दुपारी बांधावर भाकरी खाताना आईला सगळं सांगितलं. बारा बायका, बारा घरं, केमिस्ट्री, नियम, मी काय बोलले ते. आई खाता खाता ऐकत होती. मला वाटलं ती म्हणेल, बरं केलंस, आपण कुणाचं ठेवून घेत नाही. ती पाणी प्यायली आणि तिने मला विचारलं,

"तुला कोणी सांगितलं का ही सावड हाय म्हणून?"

"म्हणजे?"

"तू झालीस तवा आवणीच व्हती. मी बाजेवर, तुझा बाप तापानं फणफणलेला. वावर तसंच पडलेलं. तवा सगळा पाडा आला न एका दिसात लावून गेला. आम्ही कोणाकडं फेडाया गेलो का?"

"नाही गेला?"

"नाय. जायाचंच नसतं. बाळंतीण, आजारी, रांडमुंड, ह्यांच्या वावरात माणसं येतात ती सावड नसते. फेडाया गेलं तर लोकांना राग येतो. आम्हाला काय भीक घालतीस का, म्हणतात."

अठरा वर्षं त्या पाड्यावर वाढून मला निम्माच रिवाज माहीत होता. आश्रमशाळेतून सुट्टीपुरतं घरी येणाऱ्या पोरीला तेवढाच दिसला होता.

"मग त्याचं काहीच करायचं नसतं?" मी विचारलं.

"करायचं की. लावून दिलेलं भात वाया घालवायचं नाय. त्या साली तुझा बाप उठून बसला न पहिलं काम केलं ते राखणीचं. डुकरानं खाल्लं असतं तर पाड्यात तोंड दाखवाया जागा नव्हती." तिने भाकरीचं फडकं झटकलं. "तू तर सगळं डुकराला घालून आलीस."

आईची बोलायची रीत अशी आहे. दुसऱ्या दिवशी मी निघाले.

नाशिकला आधी बाईंकडे गेले. त्यांनी मला बसवलं, चहा दिला, आणि ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मला काही सांगू नकोस. अकराजणी तुझ्या बाजूने आहेत. नियम जिचा आहे तिला सांग." म्हणजे काकूंना. रविवार होता. मी चालत गेले. पायांना चिखल्या झाल्या होत्या, चपलेत पाय ठरत नव्हता.

काकूंनी दार उघडलं, माझ्या पायांकडे पाहिलं. त्यांनी आत नेऊन आधी कोमट पाणी दिलं, मग कसलंसं मलम. मी पाठ केलेलं बोलून टाकलं. चुकले, शिकायचं आहे, ऑक्टोबरपर्यंत वेळ द्या, तेव्हाही राहिली तर मी स्वतःच जाईन.

"ऑक्टोबरपर्यंत," त्या म्हणाल्या. "दर रविवारी नऊला यायचं. कामाला नाही. पुस्तक घेऊन."

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावरचं सगळं त्यांनी उचलून ठेवलं होतं. त्यावर मेनरोडवरून आणलेलं कोरं गाइड, दोनशे पानी वही आणि तासलेल्या दोन पेन्सिली होत्या. मला वाटलं या फक्त पहारा देणार. पण त्यांनी समोर बसून पुस्तक स्वतःकडे ओढलं आणि विचारलं, "नायट्रेट कसं ओळखशील?" मी घोकलेलं म्हणू लागले. "ते नको. हात काय करतात ते सांग. ॲसिड कसं सोडायचं?" मला सांगता येईना. त्यांनी पाण्याचा पेला तिरका धरला आणि चमच्याने काठावरून थेंब थेंब सोडून दाखवलं. "असं. हलवायचं नाही. मग मध्ये तपकिरी कडं धरतं. घाई केली की कडं मोडतं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. पंपवाल्यांच्या बायकोला हे कुठून ठाऊक? पण विचारायची सोय नव्हती. त्या चुकलं की पेन्सिल टेबलावर आपटायच्या. माझं इंग्रजी अडलं की त्या मराठीत सांगायच्या आणि मग तेच इंग्रजीत म्हणून घ्यायच्या, तीन-तीनदा. मी वैतागायची, एकदा वही मिटून उठलेही. त्या म्हणाल्या, "जा. साडेनऊशे पानं तशीच राहतील, तुझ्या जाण्याने कमी नाही होणार." मी परत बसले. दुपारी जेवण मिळायचं, पण ताट धुवायला उठले तर डोळे वटारायच्या. बाकीच्या अकराजणींनी फर्मान काढलं होतं, की ही कुठल्याही घरी कामाला दिसली तर त्या घरवालीला भिशीत दंड. पापडांची मौज मात्र गेली, हे मला खरंच जाणवायचं.

ऑक्टोबरचा पेपर झाला, निकाल लागला आणि केमिस्ट्री सुटली. सत्तेचाळीस मार्क. भिशीत पेढे वाटले गेले ते काकूंनी आणलेले, पण त्यांनी स्वतः काही बोलून दाखवलं नाही.

त्यानंतर एका रविवारी वालाच्या शेंगा निवडत बसलो होतो. निवडायची परवानगी मला तेवढ्यापुरती मिळाली होती. तेव्हा त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचं माहेर मालेगावचं. त्या काळात घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच मुलगी. दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्री राहिली. थोरला भाऊ म्हणाला, नापास मुलीला कोण शिकवतं, आणि पुढच्या मे महिन्यात लग्न. पुस्तकं रद्दीत गेली.

मला एकदम राग आला. त्यांचा नाही, पण त्यांच्यावरच निघाला. "मग तुम्हीच तो नियम का केलात? तुम्हाला तर माहीत होतं."

काकूंनी शेंगेचे धागे काढून बाजूला ठेवले. "मला तेवढाच नियम माहीत होता," त्या म्हणाल्या.

पुढच्या जूनमध्ये त्यांनी स्वतःच भिशीत उठून सांगितलं, की नापास झाली तर बंद हे खोडून टाका, नापास झाली तर कुणीतरी तिच्याबरोबर बसायचं असं करा. कुणी हरकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. माझ्यानंतर त्या भिशीवर आणखी मुली शिकल्या. पेठची एक, मालेगावच्या यंत्रमागावरच्या घरातली एक. अडलेल्या पोरींसाठी मी स्वतः रविवार घातलेत, आणि कुणी पिशवीभर शेंगा घेऊन आली की तिला बांधावरची आईची गोष्ट सांगितली आहे.

मी तिसऱ्या वर्षाला केमिस्ट्रीच घेतली. हॉस्टेलवर सगळ्यांनी कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर मला तो विषय आवडायला लागला होता, आणि थोडा काकूंनाही खिजवायचं होतं. आता पुस्तकातलं पुष्कळसं त्यांच्या काळानंतरचं होतं. टेबलावरच्या जागा तशाच राहिल्या, पण पुस्तक माझ्याकडे आलं. मी सांगायची आणि त्या विचारायच्या. नाही कळलं तर माझ्यावरच चिडायच्या, "तुला नीट सांगता येत नाही," म्हणून. मला शिकवायचा नाद लागला तो तिथे. त्या दोन वर्षांत मी नाशिकमध्ये फार सुखात होते.

शेवटच्या वर्षाचा निकाल हातात पडला तेव्हा मी कॉलेजातून थेट काकूंकडे गेले. चार रिक्षा बाजूने गेल्या, पण थांबून रिक्षा करण्याइतकाही धीर नव्हता. त्या ओट्याशी उभ्या होत्या. हात कोरडे होईपर्यंत पुसले, चष्मा चढवला आणि गुणपत्रिका खिडकीच्या उजेडात नेली. आधी मार्क वाचले. मग वरचं विद्यापीठाचं नाव वाचलं, मग माझं, मग परत मार्क. मला वाटलं आता बाईंना फोन करतील. त्या हॉलमध्ये गेल्या, फोन मांडीवर घेऊन बसल्या आणि डायरीत बघून मालेगावचा नंबर फिरवू लागल्या. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"दादा, मी बोलतेय. बी.एस्सी. झालं. केमिस्ट्री घेऊन. फर्स्ट क्लास."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण काय विचारलं असेल ते कळलं.

"कुणाचं म्हणजे?" काकू म्हणाल्या. "माझं."

त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि पदर डोळ्यांशी नेत म्हणाल्या, "सांग दादाला, मार्क किती पडले ते."

मी एकेका पेपरचे सांगितले.